दादापर्यंत आवाज पोचवणारा डबा

मी पंचक्रोशीतला सगळ्यात दांडगा आवाज बोलतोय. समुद्रापलीकडची माणसं मला ऐकून दचकतात. आता खरं सांगू? मला स्वतःचा आवाजच नाही. पोटातून नुसती गुणगुण निघते. दुसऱ्यानं कुजबुजायचं आणि मी ते जगभर करायचं, एवढाच माझा धंदा. चोंबड्या शेजारणीचाही तोच असतो, पण तिला वीज लागत नाही.

मी घरी बनवलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. हौशी रेडिओवाले हवेतून एकमेकांशी गप्पा मारतात ना, त्यांच्या आवाजाला दम देऊन एरियलकडे ढकलणारा डबा. माझं कूळ विचारू नका. ट्रान्सफॉर्मर मेलेल्या मायक्रोवेव्हचा, पेटी बेकरीतल्या ट्रेच्या पत्र्याची, पंखा कुणाच्या तरी कॉम्प्युटरचा. दोन काचेचे व्हॉल्व्ह तेवढे मोडीत निघालेल्या जहाजावरचे, म्हणून ते स्वतःला खानदानी समजायचे.

मला घडवणारा जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. दिवसभर दुकानात तारा गुंडाळायच्या आणि घरी येऊन माझ्यासाठी परत त्याच. बायको म्हणायची, "सवत परवडली असती, निदान भांडी तरी घासली असती तिनं." तो हसायचा आणि माझा पत्रा कानशीनं घासत राहायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? दादासाठी. थोरला भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा. धाकट्याला रेडिओचा नाद त्यानंच लावलेला. पुढे आईच्या शेवटच्या दुखण्यात कोण आलं, कोण आलं नाही, यावरून दोघांचं फाटलं. फोन केला तर दादा कापायचा. पण हवेतला रिवाज वेगळा. कुणी नाव घेऊन पुकारलं तर उत्तर द्यायचं, मग तो सात जन्मांचा वैरी का असेना. दर रविवारी सकाळी धाकटा पुकारायचा, आणि दादाचं उत्तर ठरलेलं, "आवाज फार क्षीण आहे. काही समजत नाही." की बंद.

बिचाऱ्याला वाटलं, आपलंच यंत्र दुबळं. म्हणून मी जन्मलो.

काय दिवस होते ते! शेजारच्या निवृत्त कारकुनाच्या स्पीकरमध्ये मी शिरायचो. गाणं चालू असताना मध्येच "दादा, ऐकू येतंय का?" त्या गृहस्थानं घाबरून संध्याकाळची बाटली सोडली. त्याच्या बायकोनं आनंदानं गल्लीभर साखर वाटली. समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्यानं तर कळवलं, बाबा रे, तुझ्या आवाजानं माझ्या खिडक्या वाजतात.

आणि दादा? "आवाज फार क्षीण आहे. काही समजत नाही."

धाकट्यानं खोट माझ्यात शोधली. कॉइल उसवली, पुन्हा गुंडाळली. पुढच्या रविवारी तेच उत्तर. झाकण उघडलं की माझी वीज तुटायची. तसा खटकाच बसवला होता त्यानं. पण झाकण उघडं आणि वीज चालू ठेवूनच जुळवायचं म्हणून खटक्यात आगकाडी खुपसली. एक नियम मात्र तो पाळायचा. उजव्या हातात लाकडी दांडी, डावा हात खिशात. दोन्ही हात गुंतले की वीज छातीतून वाट काढते, हे त्यानं बायकोलाही शिकवलं होतं.

त्या रविवारी तो माझ्यावर वाकलेला असताना दादाचा आवाज आला. दादा दुसऱ्याच कुणाला तरी पुकारत होता. पण आवाज दादाचा. डावा हात खिशातून निघाला आणि माइकच्या धातूवर पडला. नजर तिकडे गेली, उजवी बोटं दांडीवरून घसरली आणि कॉइलला टेकली.

ओरडला नाही. मी गुणगुणत राहिलो, मला दुसरं येतंच काय. बायको धावत आली. शिकवल्याप्रमाणे त्याला हात न लावता आधी मेन स्विच पाडला. उपयोग झाला नाही.

आता मी कोपऱ्यात आहे, उशीच्या जुन्या अभ्र्याखाली. आगकाडी तशीच खटक्यात. मला उघडाल तर आधी ती काढा, एवढीच विनंती. थट्टा करतो मी सगळ्यांची, पण ही थट्टा नाही.

परवा दादा आला. अभ्रा उचलून माझ्या पत्र्यावर कितीतरी वेळ हात फिरवत बसला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. आठवण म्हणून हा डबा नेऊ का, म्हणाला. तिनं पुढचा कपडा उचलला. मग आपणच सांगत सुटला, की फार क्षीण यायचा गं त्याचा आवाज, नाहीतर मी बोललो नसतो का.

आणि डोळे पुसता पुसता म्हणाला, "शेवटी शेवटी छातीत कफ होता त्याच्या. बोलताना बारीक घरघर यायची. दवाखान्यात न्यायला हवं होतं गं त्याला."

तिचा हात घडीवर थांबला.

"मी शेजारच्या खोलीत असायचे, भाऊजी. मला नाही कधी ऐकू आली ती घरघर. तुम्हाला तिथे आली?"