नववा हार

आन्याने इन्शुरन्स कंपनीतली नोकरी सोडून भिंतींवर चित्रं रंगवायला घेतली, तेव्हा तिच्या आईने, शैलजाने, पार्सिपनीतल्या प्रत्येक ओळखीच्या मराठी घरी जाऊन कपाळाला हात लावला होता. पण आज लेकीच्या पहिल्या मोठ्या भिंतीचा समारंभ होता. आन्याने बजावलं होतं, "आई, प्लीज, मला एम्बॅरस नको करूस."

करायचा प्रश्नच नव्हता. आयरिश क्लबच्या भिंतीवर नऊ चेहरे होते, चाळीस वर्षांपूर्वी तिकडे त्यांच्या देशातल्या तुरुंगात उपोषणाला बसलेल्या कैद्यांचे. जुनं चित्र विटलं म्हणून आन्याने ते जसंच्या तसं पुन्हा रंगवलं होतं. देशासाठी गेलेली पोरं, त्यांना बिनहाराचं कसं ठेवायचं? शैलजा तासभर आधी पोचली, पैठणी खोचून शिडीवर चढली आणि चिकटपट्टीने नऊच्या नऊ जणांना झेंडूचे हार लावले. खाली केळ्यात उदबत्ती खोचली. स्वतःवर ती बेहद्द खूश होती.

आन्या आली आणि तिचा चेहरा उतरला. घरात आजोबांच्या फोटोला हार बघत वाढलेली पोर ती.

"आई, लास्टचे मिस्टर कॅसिडी आहेत. ते वाचले. ही इज अलाइव्ह. ते बघ, खुर्चीत बसलेत."

शैलजाने खुर्चीकडे पाहिलं. जित्याजागत्या माणसाला आपण हार घालून मोकळे झालो, आणि लेकीच्या मोठ्या दिवसाचं पार मातेरं केलं. ती धडपडत पुन्हा शिडी चढली, नववा हार ओढून काढला आणि वळली, तर खाली काठी टेकत स्वतः कॅसिडी उभे.

"सॉरी," ती इंग्रजीत म्हणाली, "आमच्यात फोटोला हार घालतात तो गेलेल्यांच्या."

"आणि जिवंत माणसाला?"

"त्याच्या गळ्यात. सत्कार करतात."

म्हाताऱ्याने टोपी काढली आणि मान वाकवली. शैलजाने शिडीवरूनच हार घातला. जमलेल्यांच्या टाळ्या पडल्या. कॅसिडी हसत सुटले, त्यांचं बघून शैलजाही, इतकी की आन्याला शिडी धरावी लागली.

"तुरुंगातून मी केव्हाच सुटलो," डोळे पुसत ते म्हणाले, "पण या भिंतीवर यांच्यातच होतो. आज कोणीतरी मला बाहेर काढलं."

परतताना आन्याने आईचा हात घट्ट धरला. "नेक्स्ट भिंतीला पण ये."

"हार किती आणू?"

"आधी लिस्ट घे, कोण कोण अलाइव्ह आहे."