‘ठीक’ दाबल्यावर

चेतनाने पाचव्यांदा चौकटीत ‘पेनिसिलिन’ लिहिलं आणि ‘ठीक’ दाबलं. चौकट बंद झाली. मागच्या केसपेपरवर उमटलं, ‘ॲलर्जी : नाही’.

तिने स्क्रीन प्रांजलकडे वळवला.

“बघितलंस?” शेजारच्या खुर्चीतून प्रांजल म्हणाला. “काल आईला मुलुंडला ॲडमिट केलं ना, तिथे पण हेच. मी सल्फाची ॲलर्जी सांगितली, सिस्टरने टाइप केली, छापून आलं ‘नाही’. मी पेनने लिहायला लावलं म्हणून वाचलो यार.”

चूक चेतनाने लिहिलेल्या एका ओळीची होती. चौकट उघडायची तेव्हा तिच्यात आधीच ‘नाही’ असायचं. माणसाचं लिहून होईपर्यंत थांबायचं सोडून प्रोग्रॅम तेवढं उचलून मोकळा व्हायचा. चेतनाने महिनाभर तपासलं ते स्वतःचंच नाव घालून, आणि तिला कसलीच ॲलर्जी नव्हती. एवढी हुशार मुलगी, पण दुसऱ्या कुणाचं नाव घालून बघावं हे काही तिला सुचलं नाही.

मुलुंडच्या नर्सिंग होममध्ये हा प्रोग्रॅम सोमवारपासून चालू होता. आज गुरुवार.

राजेश सरांनी ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लोटलं.

“दुरुस्त कर आणि अपडेट म्हणून पाठव. फोनबिन करायचा नाही. पंधरा दिवसांनी तुला नोकरीत पक्कं करायचंय, कळतंय ना?”

“सर, पण तिथले पेशंट...”

“बोललो ना!”

घरात कमावणारी ती एकटीच होती. तरी जागेवर येऊन तिने नर्सिंग होमचा नंबर लावला.

“हॅलो, सिस्टर रत्नप्रभा.”

चेतनाने एका दमात सगळं सांगून टाकलं. “सोमवारपासूनच्या एकाही केसपेपरवर विश्वास ठेवू नका. प्रत्येकाला परत विचारा. प्लीज.”

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आदळला. धावणाऱ्या चपला ऐकू आल्या. राजेश सर दारात येऊन फोन ठेवायला खुणावू लागले. चेतनाला रडू आवरेना. तिने त्यांच्याकडे पाठ केली आणि फोन कानाशी घट्ट धरून ठेवला.

चार मिनिटांनी सिस्टर परत आल्या, धापा टाकत.

“सात नंबरच्या आजोबांना पेनिसिलिन चालत नाही. इंजेक्शन भरून तयार होतं.” पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. “हे मला डॉक्टरांना लिहून द्यावं लागेल. चूक कोणाची?”

“माझी. चेतना सहदेव मोहिते.”

“थांब.” कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. “वाचून दाखवते हं. चेतना सहदेव मोहिते. बरोबर?”

सर अजून दारातच उभे होते.

“बरोबर,” चेतना म्हणाली.