पुढचा ठसा

"डाव्या दाराला चरा आहे, बॉनेटचा रंग उडालाय, मागची काच खाली जात नाही आणि सकाळी एसी लावला की पट्टा किंचाळतो." बुनमाकाकांनी कागदावरून वाचून दाखवलं. "आणखी काही निघालं तर मिस्त्री सांगेल."

मिस्त्री म्हणजे मी. जुन्या गाडीचा सौदा असला की आमच्या डेन चाई गावात लोक मला तपासायला बोलावतात. गाडी घ्यायला आलेली ओराथाई आमच्या शाळेतली नवी शिक्षिका, जेमतेम माझ्या खांद्याएवढी.

"काका, गाडी विकताय की तिची चुगली करताय?" ती हसली.

"जे आहे ते आहे. पण सतरा वर्षं मी एकट्यानं चालवली. हा चरा तेवढा लामयाईचा. शिकवायला गेलो, तर तिनं फाटकाला घासली. मी ओरडलो जरा. नंतर म्हणाली, मला नाही जमायचं बाई. पुन्हा नाव काढलं नाही."

लामयाईकाकू जाऊन दोन वर्षं झाली. काका रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये होते. ड्यूटीवर सायकलनं जायचे, गाडी घरीच असायची. रविवारी मात्र काकूंना ऐटीत बाजारात न्यायचे.

मी टॉर्च घेऊन सीटखाली डोकावलो. सीट ज्या पट्टीवरून मागेपुढे सरकते, तिचे दात दोन ठिकाणी झिजले होते. एक पार मागे, काकांच्या लांब पायांच्या बेतानं. दुसरी जागा अगदी पुढे. माझ्या जिभेला हाड नाही, ही बायकोची जुनी तक्रार.

"काका, आता कबूल करा! काकूंच्या माघारी कुणाला बसवत होतात इथं? बुटकी होती वाटतं."

ओराथाई खळखळून हसली. काका हसले नाहीत. "काहीतरीच काय बोलतोस!"

ओराथाई गाडीत बसली, सनव्हायझर खाली ओढला आणि म्हणाली, "अय्या, इथंपण ठसा आहे!"

गाडी घेतली की आमच्याकडे विहारात नेतात. भिक्खू पांढऱ्या लेपाचे ठिपके छताला लावतात, चालवणाऱ्याच्या बरोबर डोक्यावर. काकांचा ठसा मागे होता, पिवळा पडलेला. हा पुढचा सनव्हायझरआड झाकलेला, म्हणून अजून स्वच्छ.

काकांनी वाकून पाहिलं. मग सीटखालची पुढची झीज बोटानं चाचपली.

"पेट्रोल," ते म्हणाले.

"काय?"

"पेट्रोल कमी व्हायचं. मला वाटलं, शेजारचे काढतात. किल्ली घरात, बुद्धाच्या मूर्तीच्या फळीखाली, खिळ्याला असायची. मग मी ती खिशात घालून ड्यूटीवर न्यायला लागलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याच आठवड्यात ती गेली रे."

काकूही ओराथाईएवढ्याच ठेंगण्या होत्या. ती दुपार आख्ख्या आळीला ठाऊक आहे. काकूंच्या छातीत कळ आली तेव्हा शेजारपाजार बागांमध्ये लोंगानच्या फळांच्या तोडणीला गेला होता. रुग्णवाहिका पाऊण तासानं पोचली. दवाखाना गाडीनं दहा मिनिटांवर, आणि गाडी दारात. काकू बुद्धाच्या फळीखाली पडलेल्या सापडल्या. आम्ही सगळे म्हणालो, शेवटी बुद्धाला हात जोडायला गेल्या. किल्लीच्या रिकाम्या खिळ्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

अंत्यविधीला काका येईल त्याला सांगत होते, "तिला चालवता आलं असतं तर वाचली असती." दोन वर्षं ते या एका वाक्यावर तगून होते. मी गाढवानं टॉर्च मारून तेही त्यांच्याकडून काढून घेतलं.

"काका, तुम्हाला कुठं माहीत होतं..." मी म्हणालो.

ओराथाई खाली उतरली होती. "मी नंतर येते, काका."

"नको. आजच ने. गाडी नुसती उभी राहिली की बिघडते."

त्यांनी खाली हात घालून सीट पुढे ओढली. झिजलेल्या दातांवर ती खट्‌कन बसली. मग शर्टाच्या खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"मागचा ठसा हवा तर पुसून टाक, पोरी," ते म्हणाले. "पुढचा राहू दे."