दुरडीतली चौथी भाकर

सव्वीस वर्षं मी एकच कथा शिकवतोय. ती मला जितकी कळली तितकी बुरहानपुरात कुणाला कळली नाही, असं मी गेल्या मंगळवारपर्यंत मानत होतो. मानत कसला, छापून मोकळा झालो होतो. कॉलेजातली मुलं नंदकुमार सरांचं, म्हणजे माझंच, गाइड घोकतात. त्याच्या नव्या आवृत्तीची प्रुफं शनिवारी प्रेसमध्ये द्यायची होती.

कथा जुनी, दहा पानांची. गोदाचा नवरा दुसऱ्या बाईमागे निघून जातो. तो नसताना तान्हं मूल तापाने जातं. सहा महिन्यांनी स्वारी परत येते आणि पाय धुऊन पाटावर बसते. गोदा एक शब्द बोलत नाही. शेवटचं वाक्य असं: 'तिने त्याच्या ताटात तीन भाकरी वाढल्या आणि ती भिंतीला टेकून बसली.' माझा ठरलेला खुलासा असा, की घरात होतं नव्हतं ते तिने वाढलं आणि स्वतः उपाशी राहिली. गोदा म्हणजे क्षमेची मूर्ती. इथे दरवर्षी माझा आवाज थोडा जड होतो, आणि मला ते आवडतंही.

मंगळवारी आवाज जड व्हायच्या आतच भूमिकाने हात वर केला. चांदनीहून गाडीने येणारी, केळीवाल्या घरातली मुलगी. वर्षभरात 'हजर'खेरीज तिच्या तोंडून काही ऐकलं नव्हतं.

"सर, पन तिने तीनच कायले वाढल्या?"

"जास्त नव्हत्याच."

"होत्या ना सर. पान सहावर आहे. 'दुरडीत चार भाकरी होत्या.' एक तिने ठेवून घेतली."

मी पान सहा काढलं. होत्या चार. सव्वीस वर्षं तिथेच होत्या.

"स्वतःसाठी ठेवली असेल," मी म्हणालो.

"फिर उपाशी कशी राहिली, सर?" मागून रितेश म्हणाला आणि वर्ग फिदीफिदी हसला. माझं डोकंच फिरलं. भूमिका मात्र हसली नाही.

"आमच्या घरी कोनाच्याच ताटात तीन नाही वाढत, सर. दोन वाढतात, नाहीतर चार. तीन तं मेलेल्या मानसाच्या नावाने ठेवतात, तेरवीच्या आधी. गोदा त्याले सांगते, तू माह्यासाठी मेला."

"अंधश्रद्धा आणि साहित्य यांची गल्लत करू नये," मी तिला दटावलं. 'जी सर' म्हणून ती बसली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

पण किडा तिने माझ्या डोक्यात सोडलाच होता. स्टाफरूममध्ये बसून मी कथा पुन्हा वाचली, पहिल्यांदा वाचावी तशी. पान नऊवर, भाकरी वाढण्याआधी, गोदा पदराने कपाळ पुसते. चुलीपुढे घाम आला, असं मी गाइडात लिहिलंय. आता दिसलं की तिने कुंकू पुसलं असेल. आणि भिंतीला टेकून ती दमून बसली नव्हती. प्रेताजवळ बसतात तशी बसली होती. एवढी भयंकर बाई मी पोरांना इतकी वर्षं गरीब गाय म्हणून दाखवत होतो!

दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा प्रुफं हातातच होती. बायकोने, सुमनने, दोन पोळ्या वाढल्या.

"ताटात तीन पोळ्या वाढल्या तर काय होतं गं?"

"जेवताना काही शुभ बोला की! मेल्या माणसाचं ताट ते. कुणालाही माहीत असतं."

"मला नव्हतं."

"तुम्ही कधी कुणाला वाढलंय का?"

मी प्रुफं ताटाशेजारी ठेवली. मग तिला अख्खी कथा सांगितली. तिने गॅस बंद केला आणि उभ्या उभ्या ऐकली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण ही कथा मी तिला कधी सांगितली नव्हती. काखेत कळसा, दुसरं काय.

"मूल गेल्यावर आला मेला, आणि ही क्षमेची मूर्ती?" ती भडकली. "कोणी लिहिलं हे?"

"मी."

ती आत गेली आणि तिसरी पोळी घेऊन आली. सुमनची तिसरी पोळी नेहमी तुकडा मोडून येते, अगदी लग्नापासून. 'पाहुण्यांसमोर तरी धड पोळी वाढत जा,' म्हणून मी तिला चारदा बोललोही आहे. आज ती अख्खी पोळी हातात धरून उभी राहिली. खरं सांगतो, मला भीती वाटली.

मी लाल पेन काढलं आणि 'क्षमेची मूर्ती'वर काट मारली. मग घामावरही मारली. समासात लिहिलं, 'पान सहा, चौथी भाकर: कु. भूमिका हिने दाखवून दिले.'

"उद्या भर वर्गात त्या पोरीची माफी मागतो," मी म्हणालो.

सुमनने प्रूफ वाचलं. मग पोळीचा तुकडा मोडला आणि पोळी-तुकडा दोन्ही माझ्या ताटात वाढले.