चिखलदऱ्याला निघालेल्या टायगरचं कार्ड

मी टायगर कुत्र्याच्या रेबीजच्या लशीचं कार्ड. फिकट निळ्या जाड कागदाचा, मधोमध एक घडी, शर्टाच्या खिशात मावेन एवढा. कार्डाला कुणी काही विचारत नाही, नुसतं बघतात आणि ठेवून देतात. त्यामुळे बोलायची मला सवय नाही. पण गेल्या नऊ दिवसांत कळंबच्या त्या घरात मी जे ऐकलं, त्याचा धक्का अजून उतरलेला नाही. आता गप्प बसलो तर त्या घरातल्या म्हाताऱ्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

नागपूरच्या एका छापखान्यात मी जन्मलो आणि यवतमाळच्या एका औषधाच्या दुकानात येऊन पडलो. रबर लावलेल्या गठ्ठ्यात, शंभर भावंडांसोबत. पोटात नुसते रकाने होते: कुत्र्याचं नाव, जात, रंग, मालक, लस, तारीख, सही. सगळे रिकामे. आयुष्यातले तेच माझे बरे दिवस.

सप्टेंबरात एक म्हातारा दुकानात आला. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं. मारोतराव गुरुजी. छत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले. दुकानदार त्यांचाच विद्यार्थी. त्यानं फ्रिजमधून बोटाएवढी काचेची बाटली काढली, बर्फाच्या पिशवीत घातली आणि तिच्यासोबत मला कापडी थैलीत टाकलं.

"गुरुजी, घरी गेल्या गेल्या फ्रिजात ठेवजा. गरम झाली का काही कामाची नाई राहत ते."

"मीच तुले बाराखडी शिकवली लेका," गुरुजी हसले, "आता तू मले शिकव."

एस.टी.त ती बाटली माझ्या कुशीत होती. गारेगार. मला वाटलं, आपण दोघं मिळून एका जिवाची राखण करायला चाललोय. किती येडा होतो मी.

घरात दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या बसणार होत्या. अंगण सारवलेलं, स्वयंपाकघरात सोवळं सुरू. गुरुजींनी फ्रिजला हात लावला आणि त्यांच्या बायको वच्छलाबाई, घरातल्या नातवंडांच्या आजी, तिथूनच ओरडल्या.

"काय हाय थैलीत?"

"टायगरची लस."

"कुत्र्याची दवाई माह्या फ्रिजात? आंबिलीचं पीठ हाय त्यात, पुरणाची डाळ हाय. व्हा बाजूले!"

"अवं, चारच दिवस. देवराव सण झाला का येते टोचाले."

"त चार दिवस खुटीले टांगा."

आणि छत्तीस वर्षं बाराखडीपासून विज्ञानापर्यंत सगळं शिकवलेल्या माणसानं ती थैली मागच्या पडवीतल्या खुंटीला टांगली. वर टिनाचे तापलेले पत्रे. संध्याकाळपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि मी त्यात भिजलो. चार दिवस आत घंटी वाजत होती, आरत्या होत होत्या, सोळा भाज्यांचा वास येत होता. इकडे माझ्या शेजारी ती बाटली तापत गेली. मी वाट बघत होतो, आता कुणीतरी येईल, आता कुणाच्या तरी लक्षात येईल. कुणी आलं नाही.

पाचव्या दिवशी देवराव आला. गुरुजींचा लहानपणचा मित्र. गाव त्याला डॉक्टर म्हणतं. एका खऱ्या डॉक्टरच्या हाताखाली दहा वर्षं बैलांचे पाय धरले, तेवढंच त्याचं शिक्षण. त्यानं बाटली हातात घेतली आणि थबकला.

"गुरुजी, हे त कोमट लागून राह्यली."

"मंग काय फेकून देऊ? टोच."

"चालते," देवराव म्हणाला, "गावठी कुत्रं हाय. त्याले काय होते!"

टोचली. बाटलीवरचं लेबल सोलून माझ्या छातीवर चिकटवलं. त्या लेबलावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, दोन ते आठ अंशांत ठेवावी. देवरावनं त्याच्याच शेजारी सही केली. मग गुरुजींनी खिशातलं पेन काढून माझे रकाने भरले. नाव टायगर. रंग तांबूस. जातीपाशी जरा थांबले आणि लिहिलं, देशी. अक्षर म्हणाल तर मोत्यासारखं. एवढ्या देखण्या अक्षरात मी खोटा झालो.

पुढे दोन महिने कपाटात होतो. दिवाळी झाली आणि खुशीनं मला बाहेर काढलं.

खुशी गुरुजींची नात, अकरावीत. टायगरला पिल्लू असताना नालीतून काढून तिनंच घरी आणलेलं. तिचा मोठा भाऊ कपिल, बावीस वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातून घरी आला तो परत गेलाच नाही. आता लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला जातो. त्याचं शिकणं सुटलं, हे या घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी निघतं. आईबाप शेतावरच्या घरी असतात, ही दोघं शिक्षणाच्या नावाखाली म्हाताऱ्यांजवळ.

बहीणभावाचं ठरलं होतं, दोन दिवस चिखलदऱ्याला जायचं, टायगरला घेऊन. कपिलचा मित्र अश्वजित गाडी देणार होता. खुशीनं वहीत यादी केली: साखळी, टायगरचं भांडं, जुनं ब्लँकेट, उलटी झाली तर वर्तमानपत्र. घाटात त्याला मळमळेल म्हणून सकाळी अर्धीच पोळी द्यायची. हे सगळं ती मोठ्यानं वाचायची आणि आजी ऐकायच्या.

"कुत्र्याले हवा पालटाले नेऊन राह्यले!" आजी म्हणायच्या. "मले त तुह्या आबानं लग्नापासून यवतमाळच्या पुढं नाई नेलं."

"तू गाडीत भुंकतं आजी, म्हणून," कपिल म्हणायचा.

राहायची सोय मात्र होईना. एकानं सांगितलं, कुत्रं बाहेर बांधा. दुसऱ्यानं विचारलं, "ब्रीड कोणती?" खुशी म्हणाली, "गावठी." फोन कट. शेवटी एक बाई सापडल्या, निशिगंधाताई. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात, कुत्री चालतात. त्यांनी टायगरचा फोटो आणि माझा फोटो मागितला. खुशीनं मला टेबलावर उघडं ठेवून फोटो काढला, पाठवला आणि फोन स्पीकरवर टाकला. नऊ दिवसांपूर्वीची, शनिवारची सकाळ.

"नाव टायगर?" ताई हसल्या. "इथं त्या नावानं हाक मारू नका बरं. निम्मे पर्यटक कॅमेरे घेऊन माझ्या अंगणात येतील."

खुशी खिदळली.

"आणि दिवस मावळायच्या आत तो खोलीत पाहिजे. बिबट्या फिरतो. शेजारचं कुत्रं साखळीसकट नेलं त्यानं."

"हो ताई. तो माह्या पायाशीच झोपते."

"फोटोत त्याच्या मानेला पट्टी कशाची आहे?"

"कोल्हा चावला. मागच्या रविवारी, वावरात. पण लस झाली आहे ना त्याची."



"कोल्हा स्वतःहून अंगावर आला?"

"हो. भर दुपारी. आम्ही कापूस वेचत होतो."

"लस टोचली कुणी, बाळा? सही वाचता येत नाही."

"देवराव काका. डॉक्टरच म्हणते गाव त्यायले."

"राग मानू नको, मी सगळ्यांनाच विचारते. बर्फातून आणली होती? घरी फ्रिजमध्ये होती? आमच्याकडे एक कुत्रं असंच पिसाळलं. कार्ड होतं त्याचंही."

खुशीला यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. तिनं हसतच मान वळवली. "आजी, टायगरची लस फ्रिजातच होती ना वं?"

आजी मेथी निवडत होत्या. हात थांबला.

"तुह्या आबाले विचार."

गुरुजी पेपरमागून म्हणाले, "कार्ड हाय ना? मंग झालं त."

कपिल दाढी करत होता, तोंडाला फेस तसाच घेऊन तो बाहेर आला. "आबा, हो म्हणा नाईतर नाई म्हणा."

"तू मले प्रश्न विचारतं? दुसऱ्या वर्षातून पळून आला तो!"

"आलो पळून. फ्रिजात होती का?"

मेथीची एक काडी आजींच्या बोटांत मोडली. "महालक्ष्म्या होत्या बापा घरात," त्या पुटपुटल्या. "खुटीले टांगली होती."

मला वाटलं, आता म्हाताऱ्याचा पेपर हातातून गळेल. नाही गळला. त्यांनी पान उलटलं. मी कागद आहे, तरी माझ्या अंगावर काटा आला.

फोन सुरूच होता. "खुशी," निशिगंधाताईंचा आवाज बदलला होता, "त्याची पट्टी कोण बदलतं?"

खुशीनं स्वतःचे हात पाहिले. कपाशीच्या वाळल्या बोंडांनी बोटं ओरबाडलेली होती, चावला त्या दिवशीही अशीच होती. त्याच बोटांनी तिनं त्याची जखम धुतली होती, आणि त्यानं ती बोटं चाटली होती.

"मीच," ती म्हणाली.

"आत्ताच्या आत्ता साबणानं हात धू आणि दवाखाना गाठ. ऐकलंस? खोली कुठं पळत नाही."

पोरगी नळाखाली हात धरून पुन्हा पुन्हा साबण लावत होती. आणि गुरुजी काय म्हणाले ते मी शब्दन् शब्द सांगतो, कारण आठवलं की मला अजून खरं वाटत नाही. ते म्हणाले, "सहा दिवस झाले, काही झालं काय? कायले बोभाटा करता? देवरावचं नाव खराब होईन गावात."

देवरावचं नाव!

"आबा," कपिल म्हणाला, "तुम्ही मोठे हाय म्हणून मी हात जोडून सांगतो, तोंड बंद ठेवा."

कपिलनं बोलावली तशी अश्वजितची गाडी आली, आणि टायगरसकट सगळे चिखलदऱ्याच्या ऐवजी यवतमाळला निघाले. आधी माणसांचा दवाखाना. नर्सनं खुशीच्या बोटांकडे पाहिलं, सहा दिवस कुठं होता म्हणून कपिलला झापलं आणि पहिली सुई टोचली. मग जनावरांचा दवाखाना. गुरुजी न बोलावता गाडीत पुढच्या सीटवर बसले होते, आणि मी त्यांच्या खिशात होतो, दोन पेनांच्या मागे. डॉक्टर मॅडमसमोर त्यांनीच मला टेबलावर ठेवलं. हातानं घडी सरळ केली.

मॅडम तरुण होत्या. त्यांनी मला वाचलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "लस दोन महिन्यांपूर्वीचीच आहे की. मग पूर्ण कोर्स लागत नाही, बूस्टरवर भागेल."

गुरुजींनी मान डोलावली. डोलावली! मी ओरडलो असतो, पण माझ्याजवळ फक्त अक्षरं होती, आणि ती सगळी त्यांच्या बाजूनं बोलत होती.

"मॅडम, ते कार्ड खोटं आहे," कपिल म्हणाला.

"लक्ष देऊ नका," गुरुजी शांतपणे म्हणाले. "शिक्षण सोडलेलं पोरगं हाय. साऱ्या जगावर राग त्याचा."

मॅडमनी एकदा पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, एकदा अर्धी दाढी राहिलेल्या कपिलकडे. खरं सांगतो, मीही गुरुजींवरच विश्वास ठेवला असता. या देशात कार्डं अशीच चालतात, शर्ट बघून. मॅडमचा हात बूस्टरच्या कागदाकडे गेला.

तेव्हा खुशी टायगरपासून उठली. तिनं बाही वर केली आणि कापूस लावलेला दंड आबांच्या पुढ्यात, टेबलावर ठेवला.

"आबा, याच्यावर हात ठेवा आन सांगा, लस फ्रिजात होती."

गुरुजींचा हात उचलला गेला. हवेतच राहिला. टायगरनं जांभई दिली, बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली, आणि तो हात तसाच वर. मग खाली आला, पण दंडावर नाही. स्वतःच्या मांडीवर.

"खुटीले होती," ते म्हणाले. "चार दिवस." आणि लगेच, "पण मॅडम, घरात सण होता."

तिथंही त्यांना 'पण' सुचला. नात समोर उभी, दंडात सुई, आणि म्हाताऱ्याला सण आठवतो. ज्याला त्यांच्या पिकल्या केसांची दया येत असेल त्यानं खुशाल करावी. मला येत नाही.

मॅडमनी बूस्टरचा कागद बाजूला सारला. लाल पेन घेऊन माझ्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन रेघा ओढल्या आणि खाली लिहिलं, ग्राह्य नाही. माझ्या अंगावर लिहिलेली पहिली खरी गोष्ट. मग टायगरचं पाच सुयांचं वेळापत्रक केलं, नव्या कार्डावर. त्याला वेगळं बांधायचं, कुणी हात लावायचा नाही, कित्येक महिने नजर ठेवायची. काही होणार नाही ना, असं खुशीनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आता तरी आलात हे बरं झालं, एवढंच मी सांगू शकते."

आज नववा दिवस. खुशीच्या तीन सुया झाल्या. निशिगंधाताई रोज फोन करतात, खोलीचं नाव काढत नाहीत, टायगरनं खाल्लं का एवढंच विचारतात. मी खुशीच्या वहीत आहे, प्रवासाच्या यादीच्या पानावर. देवरावला गुरुजी अजून एका शब्दानं बोललेले नाहीत. त्याच्या सहीची माझी भावंडं गावात किती असतील, याची यादी कपिल करतोय. घरोघर जाऊन विचारतो. लोक म्हणतात, गुरुजीचा नातू येडा झाला.

तुमच्या घरातही माझं एखादं भावंड कपाटात असेल. त्याला काढा. तारीख बघू नका, सही बघू नका, अक्षराला तर मुळीच भुलू नका. घरातल्या मोठ्या माणसाला समोर बसवा आणि विचारा, ती बाटली कुठं होती. चिडतील. चिडू द्या.

त्या घरात आता सकाळी चहा आधी होत नाही. सगळे मागच्या अंगणात येऊन लांब उभे राहतात. कपिल काठीनं पाण्याचं भांडं टायगरकडे सरकवतो. पिसाळलेलं कुत्रं पाणी गिळू शकत नाही म्हणतात. आजी पदर तोंडाला लावून उभ्या असतात, गुरुजी दाराच्या आड. कुणी कुणाकडे बघत नाही. सगळे त्या जिभेकडे बघतात.

आज सकाळी प्याला.