एझ्रापासून केलेबपर्यंत

वंशावळ कानावर पडली की माझा हात आपोआप झांजेकडे जातो. लहानपणी साताऱ्याला रामाच्या देवळात बुवा सूर्यवंश गाऊन सांगत. एकेका राजाचं नाव आलं की झांज वाजायची, आणि पुढचं नाव येईपर्यंत मी श्वास रोखून बसायचे. साउथहॅम्प्टनला येऊन चाळीस वर्षं झाली. हॉस्पिटलातली नोकरी झाली, पेन्शनही सुरू झाली, पण ते वेड काही गेलं नाही. रिटायर झाल्यावर पुण्याला जाऊन पौरोहित्य शिकले, आणि आता इथली लग्नंही लावते, कीर्तनही करते. पेटीवर आमचे हे, शशिधर. सूर चुकला तर माझा, ताल चुकला तरी माझाच, असा आमचा करार आहे.

आमच्या इथल्या ओळखीतल्या अंबरीश आणि वरदाच्या लेकीचं, तनिषाचं लग्न ठरलं तेव्हा ती मला भेटायला आली. मुलगा अमेरिकन, केलेब व्हिटलॉक. केंब्रिजला समुद्रातल्या शेवाळावर संशोधन करतो. घराणं मात्र नौदलाचं. पिढ्यान्‌पिढ्या ऑफिसर, हा पहिलाच असा की ज्यानं गणवेश घातला नाही. वडील पाच वर्षांपूर्वी वारले, आता आजोबाच वडीलधारे.

मी तिला सांगितलं की कन्यादानात वराच्या तीन पिढ्यांची नावं लागतात. अमक्याचा प्रपौत्र, अमक्याचा पौत्र, अमक्याचा पुत्र, असं तीनदा म्हणायचं असतं. गोत्र माहीत नसलं तर काश्यप धरतात.

"म्हणजे अख्खी अमेरिकन नेव्ही आता काश्यप गोत्री," हे पेटी पुसता पुसता म्हणाले.

आठ दिवसांनी आजोबांच्या हातचा कागद आला. जाड कागद, निळी शाई, अक्षर वळणदार. अठराशे तेरा साली चौदाव्या वर्षी जहाजावर चढलेला एझ्रा. मग नेथन, थॅडियस, जोसाया, एमस, डॅनियल. प्रत्येकापुढे जन्मसाल, हुद्दा आणि जहाजांची नावं. सहा माणसं, दोनशे वर्षं. मी तो कागद देवापुढे ठेवला. खरंच ठेवला. पाण्यावर आयुष्य काढायचं आणि मुलाला पुन्हा त्याच पाण्यावर पाठवायचं, हे पाच वेळा करणाऱ्या घराला काय म्हणावं, मला कळेना. केलेबचे आजोबा म्हणजे हे एमस. जन्म एकोणीसशे अडतीसचा. त्यांच्या वरचा जोसाया अठराशे ऐंशीचा. अठ्ठावन्न वर्षांचं अंतर दिसलं, पण जुन्या काळी होत असतील उशिरा मुलं, असं म्हणून मी पुढे गेले.

सीमांतपूजनाच्या संध्याकाळी बंदराजवळच्या हॉलमध्ये मी छोटंसं कीर्तन ठेवलं होतं. वरदा म्हणाली होती, मावशी, पाऊण तास हं, त्यांचे लोक खाली बसतात त्याला मर्यादा आहे. पूर्वरंग आटोपता घेतला आणि उत्तररंगात आख्यानाला व्हिटलॉक घराणंच घेतलं. साकीच्या चालीवर एकेक नाव आणि प्रत्येक ओळीनंतर पाहुण्यांसाठी इंग्रजीत अर्थ.

कॅप्टन एमस पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, पाठ दाराच्या चौकटीसारखी. एझ्राचं नाव आलं तसे त्यांचे डोळे चमकले. नेथन, थॅडियस. झांज वाजत होती, त्यांचे लोक टाळ्यांचा ठेका धरत होते, मी रंगात आले होते. कोण कुणाचा मुलगा हे कागदावर नव्हतं, नाती मी जोडत होते, कारण त्याशिवाय गाता येत नाही. थॅडियसचा पुत्र जोसाया. जोसायाचा पुत्र एमस. ही शेवटची ओळ मी तीनदा घोळवून म्हटली आणि अर्थही तीनदा सांगितला.

कॅप्टन उठले. कुणाकडे न बघता काठी टेकत हॉलबाहेर गेले.

मी कीर्तन कसंबसं आरतीपर्यंत आणलं. तनिषा धावत आली. "मावशी, आजोबा कुठे गेला? तो रागावली का?" इथं वाढलेली ती, घाबरली की तिचं मराठीही घाबरतं. केलेबनं सांगितलं की ते हॉटेलवर गेलेत, कुणाशी बोलत नाहीत. मला वाटलं, परक्याच्या कुळाची नावं झांजेवर गायली हाच आगाऊपणा झाला. घरी हे एवढंच म्हणाले, "अगं, सूर चुकला नव्हता."

सकाळी आठला मी हॉलमध्ये पाटाभोवती तांदूळ मांडत होते. कॅप्टन आत आले, एकटेच. पूर्ण गणवेशात. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला.

"मॅम, मी जोसायाचा मुलगा नाही."

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं.

जोसाया त्यांचे आजोबा. मधला माणूस एव्हरेट, लेफ्टनंट कमांडर. महायुद्धात अटलांटिकमध्ये जहाजांचा ताफा चालला होता, पाणबुड्या मागावर होत्या, आणि हुकूम होता की कुणासाठीही थांबायचं नाही. पुढचं एक ब्रिटिश मालवाहू जहाज बुडालं. एव्हरेट थांबला. वीस मिनिटं थांबून त्यानं बासष्ट माणसं पाण्यातून वर काढली. त्यातली निम्मी आपल्याकडची, कोकण किनाऱ्यावरचे खलाशी. नौदलाच्या अहवालात त्यांची नावं नाहीत, नुसता आकडा आहे. मग त्याच्या स्वतःच्याच जहाजाला टॉर्पेडो लागला. त्याचे एक्केचाळीस खलाशी गेले. तो वाचला. चौकशी झाली, पुन्हा जहाज मिळालं नाही, आणि बाल्टिमोरमधल्या एका भाड्याच्या खोलीत तो वारला. जोसायानं मुलाचं नाव घरात घ्यायचं नाही असं ठरवलं. दर रविवारी जेवणाआधी नातवाला उभं करून तो वंशावळ म्हणून घ्यायचा, मधलं नाव गाळून.

"मी शिकलो. पाच वर्षांचा होतो," कॅप्टन म्हणाले. "पण चाळिसाव्या वर्षी मी डॅनियलला तशीच शिकवली. ते मी पाच वर्षांचा नसताना केलं. काल तुम्ही ते गायलात तेव्हा पहिल्यांदा मला ऐकू आलं, मी काय म्हणत आलोय."

मी विचारलं, आज काय म्हणू? केलेबचा पणजोबा एव्हरेटच. जोसायाचं नाव त्या जागी घेतलं तर कन्यादानात खोटं बोलल्यासारखं होईल, ते माझ्याच्यानं होणार नाही.

ते म्हणाले, ते नाव घ्यायचं नाही असा शब्द त्यांनी आजोबांना, जोसायाला, दिलाय. घरातल्या कुणीही ते कधी उच्चारलेलं नाही, आणि ती सगळी माणसं आज इथे बसलेली असतील. जागा रिकामी ठेवता येईल का?

मी सांगितलं, येईल. नुसतं प्रपौत्र म्हणेन आणि एक श्वास थांबेन. तीनदा थांबेन.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. अंबरीश आणि वरदा कन्यादानाला बसले. हॉलच्या मोठ्या खिडकीतून धक्क्याला लागलेलं प्रवासी जहाज दिसत होतं, पांढरं, एखाद्या गल्लीएवढं लांब. मी संकल्प म्हणू लागले. काश्यप गोत्र. मग "प्रपौत्र", आणि थांबले. एमसचा पौत्र. डॅनियलचा पुत्र. केलेब वर.

दुसऱ्यांदा तसंच. या वेळी थांबले तेव्हा हॉलमधली कुजबुज बंद झाली. केलेब मान वळवून आजोबांकडे बघत होता. मागून येऊन उभ्या राहिलेल्या एका माणसाला जागा करून द्यावी तशी ती शांतता वाटली मला. मी रोज देवासमोर बसते, पण असं कुणी जवळ आल्यासारखं फार थोड्या वेळा वाटलंय.

तिसऱ्यांदा मी "प्रपौत्र" म्हणायच्या आतच खुर्ची सरकली. कॅप्टन उभे होते. काठी खुर्चीलाच राहिली होती.

"लेफ्टनंट कमांडर एव्हरेट व्हिटलॉक," ते म्हणाले. आवाज डेकवरून वाऱ्यात पोचायला शिकलेला होता, तो हॉलच्या टोकापर्यंत गेला. "माझे वडील."

मागच्या रांगेतले त्यांचे लोक एकेक करून उभे राहिले. का उभे राहिले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अंबरीशच्या हातातल्या झारीतलं पाणी तसंच धार धरून पडत राहिलं. यांनी पेटीवर हात ठेवला होता, सूर न काढता.

मग हे वाकून हळूच म्हणाले, "अगं, नाव एकदाच झालं. तीनदा लागतं ना?"

मी डोळे पुसले, अंबरीशला झारी पुन्हा भरायला सांगितली, आणि गोत्रापासून सुरुवात केली. या वेळी न थांबता.