मागच्या सीटवरचं विमान

माणसाने तीन वर्षं एकाच गोष्टीचा ध्यास घ्यावा, याला कुणी वेड म्हणेल, कुणी भक्ती. घड्याळजीची बायको पहिला शब्द वापरायची.

"झालं का तुमचं वेड पुसून?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं. "आत्या अकराला येताहेत. पावणेअकरा झाले."

"व्हायला तीन मिनिटं आहेत," घड्याळजी म्हणाला आणि मऊ फडक्याने शेवटची काच पुसली.

मागच्या खोलीत, जिथे पूर्वी इस्त्रीचं टेबल आणि जास्तीच्या गाद्या असायच्या, तिथे आता प्लायवुडचं विमानाचं नाक उभं होतं. समोर मोठी स्क्रीन, एक सीट, गुडघ्यांच्या मधे एक दांडा, पायाशी दोन पेडल. घरबसल्या विमान उडवायचा जो खेळ असतो, सिम्युलेटर म्हणतात तो, त्यात जगभरची विमानं आयती मिळतात. फक्त आत्याचं मिळत नव्हतं. पंखांची एकच जोडी, अंग कापडी, एकामागे एक दोन सीटा, असलं ते जुनं विमान फ्लाइंग क्लबने केव्हाच भंगारात काढलं होतं. आत्याने बावीस वर्षं त्याच्यावर पोरांना उडायला शिकवलं. क्लबचे मीटर दुरुस्तीला घड्याळजीच्याच दुकानात यायचे, त्यामुळे त्यातल्या काट्या काट्याची जाडी त्याला तोंडपाठ. तेवढ्या भांडवलावर त्याने विमान पुन्हा जन्माला घातलं. जुने नकाशे मिळवले, पंखांची मापं कॉम्प्युटरमध्ये भरली, इंजिनाचा आवाज एका म्हाताऱ्या मेकॅनिकने जपून ठेवलेल्या कॅसेटवरून उतरवून घेतला.

पण ते खरंच तसं उडतं का? हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच उरलं होतं आणि ते खोटं कौतुक करणाऱ्यांतलं नव्हतं. घड्याळजीच्या लग्नात तिने फोटोग्राफरला कॅमेरा कसा धरायचा ते शिकवलं होतं. तिने "हेच ते" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा. गेले कित्येक महिने देवापुढे हात जोडले की तो दुसरं काही मागतच नव्हता. बायकोच्या गुडघ्याचं मागायचं राहून जायचं, आणि तेही तिच्या ध्यानात आलं होतं.

आत्या आली. वय ब्याऐंशी, पाठ फूटपट्टीसारखी. आल्या आल्या तिने प्लायवुडभोवती एक फेरी मारली, कडेवरून तळवा फिरवला, दोन ठिकाणी बोटाने वाजवून पाहिलं. मग सीटवर बसली. इंजिन सुरू झालं तशी तिची एक भुवई वर गेली. घड्याळजीचा जीव त्या भुवईवर टांगला.

विमान उठलं, डुललं आणि बांध ओलांडून शेतात घुसलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला आत्याने दांडाच सोडून दिला.

"छान केलंयस रे, टिकटिक."

लहानपणी घरातली सगळी घड्याळं उघडून ठेवली म्हणून पडलेलं हे नाव. पण घड्याळजीला नाव ऐकू आलं नाही, "छान" ऐकू आलं. ज्या पोराने पुन्हा विमानतळावर पाऊल ठेवू नये असं आत्याला वाटायचं, त्याच्यासाठी तो शब्द तिने राखून ठेवलेला होता. घड्याळजी आधीच पुसलेली काच पुन्हा पुसू लागला.

बायको चहा घेऊन आली आणि तिने त्याचा चेहरा पाहिला. "आत्या, हे विचारणार नाहीत, म्हणून मी विचारते. काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही गं. पण हे मी कधी बघितलेलं नाही."

"म्हणजे?"

"हे सगळे मीटर. मी बावीस वर्षं मागच्या सीटवर बसले. शिकणारा पुढे. मला कुठले मीटर दिसताहेत? मला त्याचं डोकं दिसायचं. एक कान इकडे, एक कान तिकडे, आणि उरलेल्या फटीतून काय आकाश दिसेल ते."

"मग वेग कसा कळायचा?" घड्याळजीने विचारलं. हा प्रश्न त्याच्या धंद्याचा होता.

"मानेवरून. पोराची मान आखडली की समजायचं, वेग गेला."

आता काय म्हणावं? भक्ताने देऊळ बांधलं, कळस चढवला, पताका लावली आणि गाभाराच ठेवायचा विसरला, तशातली गत. घड्याळजी सीटवरून स्क्रीनकडे, स्क्रीनवरून आत्याकडे बघत राहिला.

"मागे मीटर नव्हते," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, मागे काहीच नाही."

बायकोला आधी खोकला आला, मग तो खोकला नाही हे सगळ्यांना कळलं. "तीन वर्षं," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "विमान दोन माणसांचं, हे मलासुद्धा माहीत होतं हो." मग आत्या हसली, आणि शेवटी काय करणार, तोही हसला.

पण हसता हसताच त्याचे हात कामाला लागले होते. खऱ्या विमानात दोन्ही दांडे खालून एकमेकांना जोडलेले असत. बायकोने हॉलच्या पडद्याची दांडी काढून दिली, ती पुढच्या दांड्याला जोडून मागचा दांडा तयार झाला. वाळत घातलेले टॉवेल खुर्च्यांवर गेले आणि त्यांची दोरी पुढच्या पेडलपासून मागे पायाशी ठेवलेल्या फळीपर्यंत ताणली गेली. स्वयंपाकघरातलं स्टूल मागची सीट झालं. कॉम्प्युटरमध्ये घड्याळजीने बघणाऱ्याचा डोळा दोन हात मागे सरकवला. तासाभरात विमानाला मागची जागा आली.

आत्या स्टुलावर बसली. "पुढे डोकं पाहिजे मला."

"डोकं पाहिजे तर मीच बसायला हवं," बायको म्हणाली. "पण जाऊ दे, यांचंच घ्या."

घड्याळजी पुढे बसला. आत्याने खुर्चीवरचा टॉवेल मागितला आणि त्याच्या खांद्यावरून पुढे टाकून सगळे मीटर झाकून टाकले. तीन वर्षांची मेहनत टॉवेलाखाली गेली होती.

"आत्या, मला मीटरशिवाय येत नाही."

"कुणालाच येत नाही. घे पुढे."

विमान धावू लागलं आणि नाक डावीकडे वळलं. त्याने दांडा घट्ट धरला, आणि तेवढ्यात तो त्याच्या मुठीत आपोआप हलला, हलकेच, जसं कुणी झोपलेल्या लेकराचं डोकं सरळ करावं.

"सैल धर. तू घट्ट झालास की तेही घट्ट होतं. पाय कुठे आहेत तुझे? मला इथे दोरीवर काही कळत नाही."

"आहेत."

"नुसते असून काय उपयोग?"

विमान उठलं. खाली शेतं, रस्ता, तळ्याचा तुकडा. मागून आवाज येतच होता: मान सोड, उजवा पाय, लांब बघ, नाकाकडे नको बघूस, आता बघ, आता. धावपट्टी वर आली. विमान टेकलं, उडालं, टेकलं, पुन्हा उडालं, आणखी दोनदा तसंच.

"चार," दारात उभ्या बायकोने मोजलं. विमान थांबल्यावर तिने अखेर तो प्रश्न विचारला, जो घड्याळजीला सकाळपासून विचारायचा होता. "आत्या, मग? हेच का ते?"

"त्याचं काय विचारतेस? ते तेव्हाही डावीकडे ओढायचं, आताही ओढतंय. हा का ओढू देतो, ते विचार." स्टूल करकरलं. "चल, टिकटिक, पुन्हा. चार उड्या मारणारं पोर मी घरी पाठवत नाही."

घड्याळजीने एक हात डोळ्यांकडे नेला.

"दोन्ही हात कामावर," मागून आवाज आला.